देखाव्यासाठी हललेलं गाव

आज सकाळी तुम्ही केळं खाल्लंत का? हातगाडीवर डझनाने मिळणारं, पिवळंधमक, लांबट केळं? खाल्लं असेल, तर इंग्लंडमधल्या एका जुन्या घराशी तुमची ओळख आधीच झालेली आहे. फक्त कुणी ती करून दिली नव्हती.

वेलची, राजेळी किंवा केरळची नेंद्रन ही केळी निराळ्या घराण्यांतली. पण जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यातली बसराई घ्या किंवा शेतकरी जिला 'जी-नाइन' म्हणतात ती ग्रँड नैन घ्या, दोन्ही एकाच गटातल्या. त्या गटाचं नाव कॅव्हेंडिश. हे नाव ना गावाचं, ना शास्त्रज्ञाचं. ते एका इंग्रज सरदार घराण्याचं आडनाव आहे. त्या घराण्याचं घर म्हणजे डर्बीशायर परगण्यातलं चॅट्सवर्थ.

मूळ आशियातल्या या फळाला तिकडचं आडनाव कसं चिकटलं, ही गोष्ट मजेशीर आहेच. पण चॅट्सवर्थची खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. हे घर पाहायला दरवर्षी लाखो लोक जातात. समोर हिरवीगार टेकडी, खाली शांत वाहणारी नदी, तिच्यावर दगडी पूल, चरणारी मेंढरं, दूरवर झाडीत डोकावणारा चर्चचा कळस. पाहणारा म्हणतो, काय सुंदर निसर्ग आहे! आणि इथेच तो फसतो. कारण त्या देखाव्यातली बहुतेक प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवून तिथे ठेवलेली आहे. आणि जी नको होती, ती उचलून बाजूला केलेली आहे. त्यात एक अख्खं गावसुद्धा आलं.

ओसाड दरीतलं घर

गोष्ट सुरू होते १५४९ मध्ये. सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्यांची पत्नी बेस यांनी डरवेंट नदीकाठची ही जमीन ६०० पौंडांना विकत घेतली. सर विल्यम हे राजा आठव्या हेन्रीच्या कारभारातले अधिकारी. ख्रिस्ती मठ बरखास्त करून त्यांची मालमत्ता राजाच्या ताब्यात घेण्याचं काम तेव्हा चाललं होतं, त्या कामात ते होते. त्यांच्या श्रीमंतीचा पाया तिथे घातला गेला.

बेस ही याच परगण्यातली, बेताच्या परिस्थितीतल्या घरातली मुलगी. तिची चार लग्नं झाली आणि प्रत्येक लग्नागणिक तिची संपत्ती वाढत गेली. इतिहासात ती 'हार्डविकची बेस' म्हणून ओळखली जाते. १५५२ मध्ये तिने आणि सर विल्यमनी इथे घर बांधायला सुरुवात केली. पुढे तिच्या चौथ्या नवऱ्यावर एक अवघड जबाबदारी आली. स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडमध्ये नजरकैदेत होती, तिची राखण करायची होती. त्यामुळे ही कैदी राणीही अधूनमधून चॅट्सवर्थला राहून गेली.

तेव्हाचा आसपासचा मुलूख आजच्यासारखा लोभस मानला जात नव्हता. 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणारा डॅनियल डिफो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या भागातून फिरला. त्याला ही डोंगराळ माळरानं भयाण आणि रानटी वाटली होती. अशा ओसाडीतून उतरून दरीत एकदम एवढा मोठा वाडा दिसतो, याचं त्याला नवल वाटलं.

तो वाडा म्हणजे बेसचं जुनं घर नव्हे. १६८७ ते १७०७ या वीस वर्षांत तिच्या वंशजाने ते टप्प्याटप्प्याने पाडून नव्याने बांधलं. १६९४ मध्ये त्याला डेव्हनशायरचा ड्यूक ही पदवी मिळाली. गंमत पाहा, पदवी डेव्हनशायरची आणि घर डर्बीशायरमध्ये. याच पहिल्या ड्यूकच्या काळात टेकडीच्या उतारावर पाण्याच्या पायऱ्या बांधल्या गेल्या. या २४ पायऱ्यांची ठेवण वेगवेगळी आहे, त्यामुळे त्यांवरून उतरताना पाण्याचा आवाजही बदलत जातो. पंप वगैरे काही नाही. वरच्या तळ्यातून पाणी आपल्या वजनानेच खाली येतं.

'नैसर्गिक' बाग कशी करतात?

त्या काळी श्रीमंतांच्या बागा म्हणजे भूमितीचं पुस्तक. सरळ रेषेतले रस्ते, चौकोनी वाफे, कापून गोल केलेली झुडपं. चॅट्सवर्थची बागही तशीच होती. मग फॅशन बदलली. बाग अशी असावी की ती बाग वाटूच नये, असं वारं इंग्लंडमध्ये वाहू लागलं.

या नव्या पद्धतीचा सगळ्यात नावाजलेला माणूस म्हणजे लान्सलॉट ब्राउन. कुठल्याही मालकाची जमीन पाहिली की तो म्हणायचा, 'या जागेत क्षमता आहे.' म्हणून लोकांनी त्याचं नावच 'केपॅबिलिटी' ब्राउन पाडलं. १७६० च्या आसपास चौथ्या ड्यूकने त्याला चॅट्सवर्थला बोलावलं.

ब्राउनने बागेतली जुनी तळी बुजवली, नक्षीचे वाफे काढून तिथे हिरवळ केली. नदीच्या पात्रालाही हात लावला. टेकड्यांवर झाडांचे पट्टे आणि पुंजके अशा बेताने लावले की नजर सहज एकीकडून दुसरीकडे सरकत जावी आणि जे दिसायला नको ते झाकलं जावं. जेम्स पेन नावाच्या वास्तुरचनाकाराने नदीवर नवा पूल बांधला. घराकडे येणाऱ्या माणसाला त्या पुलावरून वाड्याचं पहिलं दर्शन व्हावं, अशी ही सगळी मांडणी.

अशा बागांमधली एक युक्ती मुलांना नक्की आवडेल. घरातून पाहिलं तर हिरवळ थेट कुरणात मिसळलेली दिसते, मध्ये कुठेही कुंपण नाही. मग मेंढ्या बागेत का येत नाहीत? कारण मध्ये एक खोल चर असतो. त्याची घराकडची बाजू भिंतीसारखी सरळ आणि कुरणाकडची बाजू उतरती. घरातून पाहणाऱ्याला चर दिसतच नाही आणि मेंढीला भिंत चढता येत नाही.

यात विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. ओक किंवा बीचचं झाड पूर्ण भरात यायला शंभर-दीडशे वर्षं लागतात. ब्राउनने काढी एवढाली रोपं लावली. आज आपण जो देखावा पाहतो, तो त्याच्या फक्त डोक्यात होता. चौथा ड्यूक तर १७६४ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षीच गेला. पैसे मोजणाऱ्याने आणि झाडं लावणाऱ्याने, दोघांनीही ते झाड मोठं झालेलं पाहिलं नाही. आपल्याकडे आंब्याची कोय लावणाऱ्या आजोबांबद्दल आपण जे म्हणतो, तेच इथे एका अख्ख्या दरीबद्दल म्हणता येतं.

गाव उठलं

पण या देखाव्यात एक अडचण होती. वाड्याच्या खिडकीतून नदीपलीकडे एडेन्सर गावातली घरं दिसायची. इंग्रजी स्पेलिंगवर जाऊ नका, तिथले लोक त्याचा उच्चार 'एन्सर' असा करतात.

चौथ्या ड्यूकच्या काळात नजरेला खुपणारी काही घरं काढली गेली. उरलेलं काम सहाव्या ड्यूकने पूर्ण केलं. १८३८ ते १८४२ या काळात गावातली राहिलेली घरं पाडून, टेकडीच्या आड, वाड्यातून दिसणार नाही अशा ठिकाणी नवं गाव वसवण्यात आलं.

धरणासाठी उठलेली गावं आपण पाहिली आहेत. कोयनेची, उजनीची, जायकवाडीची. तिथे निदान पाणी आणि वीज हे कारण होतं. इथे गाव उठलं ते खिडकीतून दिसणाऱ्या चित्रासाठी. जमीन ड्यूकची, घरं ड्यूकची, राहणारे भाडेकरू. त्यामुळे निर्णयही एकट्या ड्यूकचा.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नवी घरं दगडी आणि भक्कम झाली. त्यांतली एक दुसरीसारखी नाही. एक स्विस धाटणीचं, एक इटालियन वळणाचं, एक छोट्या किल्ल्यासारखं. रचनाकाराने नमुन्यांची वही पुढे ठेवली आणि घाईत असलेला ड्यूक 'प्रत्येकातलं एक करा' म्हणून मोकळा झाला, अशी एक गोष्ट तिथे सांगितली जाते. खरी असो वा नसो, गाव पाहिल्यावर ती पटते. लोक आजही तिथे राहतात. आणि जुन्या गावातलं एकच घर मोकळ्या कुरणात, आपल्या भिंतीच्या आत, अजून उभं आहे. बाकी सगळी घरं कुठे गेली, याची ते एकटं आठवण देतं.

पहाटे भिंत चढून आलेला माळी

नव्या गावाच्या आखणीत एका माळ्याचा हात होता. त्याचं नाव जोसेफ पॅक्स्टन. बेडफर्डशायरमधल्या गरीब शेतकरी कुटुंबात १८०३ मध्ये जन्मलेला हा मुलगा लंडनजवळच्या एका फलोद्यान संस्थेच्या बागेत कामाला होता. ती जागा सहाव्या ड्यूकच्या मालकीची. ड्यूक तिथे फिरायला यायचा. त्याला ऐकायला कमी यायचं. हा तरुण त्याच्याशी स्पष्ट आणि समजेल असं बोलायचा. ड्यूकला तो आवडला आणि अवघ्या २२ वर्षांच्या पॅक्स्टनला त्याने चॅट्सवर्थचा मुख्य माळी नेमलं.

९ मे १८२६ चा त्याचा पहिला दिवस पॅक्स्टनने स्वतःच लिहून ठेवला आहे. पहाटे साडेचारला तो पोहोचला तेव्हा सगळं सामसूम. मग भिंत चढून तो आत गेला, सगळी बाग फिरून पाहिली, सहा वाजता माणसं कामाला लावली, कारंजी सुरू करून बघितली आणि मग वाड्याची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंकडे नाश्त्याला गेला. तिथे त्यांची भाची सारा होती. दोघं एकमेकांच्या प्रेमात पडले, आणि नऊ वाजायच्या आत! पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. पॅक्स्टन कामानिमित्त बाहेर असला की चॅट्सवर्थचा कारभार साराच बघायची.

आता आपल्या केळ्याकडे येऊ. दक्षिण चीनमधून मॉरिशसला आणि तिथून इंग्लंडला पोहोचलेल्या ठेंगण्या केळीचं रोप पॅक्स्टनने मिळवलं आणि उबदार काचघरात वाढवलं. नोव्हेंबर १८३५ मध्ये त्याला केळफूल आलं. पुढच्या वर्षी केळ्यांचा घड तयार झाला, प्रदर्शनात त्याला पदक मिळालं आणि मालकाच्या आडनावावरून या केळीचं शास्त्रीय नाव ठरलं. तेव्हा ती केवळ श्रीमंतांची हौस होती. पण १९५० च्या दशकात जगभर विकली जाणारी 'ग्रो मिशेल' जातीची केळी मर रोगाने संपत चालली. त्या रोगाला तोंड देऊ शकणारी कॅव्हेंडिश केळी तिच्या जागी आली. आज जगात निर्यात होणारी जवळजवळ सगळी केळी कॅव्हेंडिश आहेत.

केळीला बी नसतं, ती मुनव्यांपासून किंवा उतिसंवर्धित रोपांपासून वाढते. म्हणून एका बागेतली सगळी झाडं जणू एकमेकांच्या प्रती. मर रोगाचा नवा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही गाठतो आहे. भारतात तो बिहारमध्ये आढळला आहे. खानदेशातल्या शेतकऱ्याला त्याची काळजी वाटते ती उगाच नाही.

चेरापुंजीची फुलं

चॅट्सवर्थचं भारताशी नातं इथेच संपत नाही. १८३५ च्या सप्टेंबरमध्ये जॉन गिब्सन नावाचा वीस वर्षांचा माळी इंग्लंडहून निघालेल्या जहाजात बसला. त्याच जहाजावर भारताचे नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड होते. ड्यूकने गिब्सनला पाठवलं होतं ते मुख्यतः एका झाडासाठी. ते झाड म्हणजे ब्रह्मदेशातलं ॲम्हर्स्टिया. मुंबईकरांनो, तुमच्या भायखळ्याच्या राणीबागेत ते आहे. मराठीत आपण त्याला 'उर्वशी' म्हणतो. लाल-पिवळ्या फुलांचे झुंबरासारखे लोंबते घोस पाहिलेत, की हे नाव का पडलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात नॅथानिएल वॉलिक यांनी गिब्सनला मदत केली. तिथून तो खासी टेकड्यांत, चेरापुंजीला गेला. ऐन पावसाळ्यात, जुलै १८३६ मध्ये. तिथल्या ऑर्किडनी त्याला वेड लावलं. १८३७ मध्ये तो परतला तो काचेच्या बंद पेट्यांमध्ये जिवंत रोपं भरून. त्यांत कितीतरी ऑर्किड अशी होती जी युरोपात कुणी पाहिली नव्हती. एकाला ड्यूकचं नाव मिळालं, एकाला गिब्सनचं. खासी लोक त्या फुलांना काय म्हणत होते, त्याची मात्र शास्त्रीय नावांत कुठे नोंद झाली नाही.

या हौसेची किंमत कुणी मोजली? १८३८ मध्ये ड्यूकने उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडे झाडं गोळा करायला दोन तरुण माळी पाठवले, वॉलेस आणि बँक्स. कोलंबिया नदीत नाव उलटून दोघंही बुडाले. दुसरी किंमत जंगलाने मोजली. ऑर्किडचं वेड इंग्लंडभर पसरलं. १८५० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर खासी टेकड्यांत पोहोचले, तेव्हा तिथे ऑर्किड गोळा करणाऱ्यांची झुंबड होती आणि उपटून टाकलेली झाडं वाटेवर कुजत पडलेली त्यांना दिसली. आणि त्यांनी स्वतःही निळ्या वांडाची ओझीच्या ओझी तिथून नेली.

काच आणि पाणी

एवढी उष्ण प्रदेशातली झाडं इंग्लंडच्या थंडीत ठेवायची कुठे? त्यासाठी पॅक्स्टनने १८३६ पासून एक प्रचंड काचघर बांधायला घेतलं. लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट. जमिनीखाली आठ बॉयलर आणि गरम पाण्याचे मैलोगणती नळ. धूर आणि कोळसा पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून कोळसा भुयारातून आणला जाई. १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरिया आली तेव्हा हजारो दिव्यांच्या उजेडात तिची घोडागाडी या काचघराच्या आतून गेली.

१८४९ मध्ये ॲमेझॉनकडच्या राक्षसी कमळाने ब्रिटनमधलं आपलं पहिलं फूल चॅट्सवर्थमध्ये उमलवलं. त्याच्या परातीसारख्या पानावर पॅक्स्टनने आपल्या छोट्या मुलीला, ॲनीला, उभं केलं. पान बुडालं नाही. पानाखाली शिरांचं जाळं असतं, त्याने वजन तोललं जातं, हे त्याने हेरलं. हाच विचार पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनातल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये उतरला. त्या काचमहालाची आठवण करून देणारी एक वास्तू आपल्याकडेही आहे, बंगळूरूच्या लालबागेतलं काचघर. १८८९ मध्ये त्याची पायाभरणी झाली. शाळा फारशी न शिकलेला माळी 'सर जोसेफ' झाला.

पाण्याचीही अशीच गोष्ट. रशियाचा झार पहिला निकोलस चॅट्सवर्थला भेट देणार अशी अपेक्षा होती. त्याच्या स्वागतासाठी जगातलं सगळ्यात उंच कारंजं करायचं ठरलं. टेकडीवर आठ एकरांचं तळं खणलं आणि सहा महिन्यांत १८४४ चं हे काम पुरं झालं. पाण्याचा झोत २९६ फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे, तोही पंपाशिवाय, केवळ वरच्या पाण्याच्या दाबावर. झार आलाच नाही! कारंज्याला मात्र अजून 'सम्राट कारंजं' म्हणतात. पुढे १८९३ पासून टेकडीवरच्या याच पाण्यावर वाड्यासाठी वीज तयार होऊ लागली. मध्ये हे काम थांबलं होतं, ते १९८८ मध्ये पुन्हा सुरू झालं.

घर वाचलं कसं?

इथवर वाचून वाटेल की पैसा होता, म्हणून सगळं झालं. खरं आहे. पण पैसा संपतोही.

पहिल्या महायुद्धात बागेतले माळी लढाईवर गेले, कोळसा मिळेना. काचघर थंड पडलं आणि आतली झाडं मेली. १९२० मध्ये ते सुरुंग लावून पाडावं लागलं. पहिल्या स्फोटांना ते दाद देईना. आणि ते पाडण्याचं काम पॅक्स्टनच्याच नातवाने केलं. आज त्या जागी झाडांच्या कुंपणांचा चक्रव्यूह आहे, मुलं त्यात हरवून हसत असतात.

दुसऱ्या महायुद्धात वाड्यात मुलींची निवासी शाळा भरली. भिंतींवर मौल्यवान चित्रं असलेल्या दालनांमध्ये ओळीने खाटा मांडल्या गेल्या. घराण्याचा थोरला मुलगा १९४४ मध्ये बेल्जियममध्ये लढताना मारला गेला. त्याचं लग्न होऊन चार महिनेच झाले होते. त्याची पत्नी कॅथलीन ही जॉन केनेडी यांची बहीण. चार वर्षांनी विमान अपघातात तीही गेली. तिची समाधी त्या हलवलेल्या एडेन्सर गावात आहे. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, १९६३ च्या जूनमध्ये, केनेडी तिथे फुलं वाहायला आले होते. त्याच दफनभूमीत पॅक्स्टनही आहे.

मग १९५० मध्ये दहावा ड्यूक अचानक वारला. त्याने मालमत्ता आधीच वारसाच्या नावे व्यवस्थेत टाकली होती. पण कायद्याप्रमाणे त्यानंतर पाच वर्षं जगणं आवश्यक होतं. ती पुरी व्हायला काही आठवडेच कमी पडले. वारसांवर ८० टक्के मृत्युकर बसला. हजारो एकर जमीन विकली गेली. बेसने उतारवयात बांधलेलं हार्डविक हॉल सरकारला द्यावं लागलं. होल्बाइन आणि रेम्ब्रांट यांची चित्रं गेली. हा हिशोब मिटायला १७ वर्षं लागली.

अशा वेळी इंग्लंडमधली शेकडो मोठी घरं पाडली गेली. चॅट्सवर्थ टिकलं, कारण त्याने आपलं फाटक उघडं ठेवलं. तशी परंपरा जुनीच होती. १८४९ मध्ये रेल्वे जवळच्या गावापर्यंत पोहोचली, तेव्हा त्या उन्हाळ्यात ८० हजार लोक घर बघायला आले, आणि त्यांत कारखान्यांतले कामगारही होते. सहाव्या ड्यूकने ताकीदच देऊन ठेवली होती की कारंजी कोणाही पाहुण्यासाठी चालवली जावीत. अकराव्या ड्यूकची पत्नी डेबोरा हिने हा धागा पुढे नेला. मुलांना गाई-कोंबड्या जवळून बघता याव्यात म्हणून तिथे गोठा सुरू झाला, शेतमालाचं दुकान निघालं. १९८१ मध्ये घर, बाग आणि परिसर एका विश्वस्त संस्थेकडे दिला गेला. तेव्हापासून ड्यूकचं कुटुंब आपल्याच पूर्वजांच्या घरात भाडं भरून राहतं. आणि भोवतालच्या कुरणातून कुणीही, तिकीट न काढता, पायी फिरू शकतं.

ज्या खिडकीतून गाव दिसू नये म्हणून गाव हलवलं, त्याच खिडकीतून आज डबे घेऊन आलेली कुटुंबं दिसतात, पतंग उडवणारी पोरं दिसतात. आता तो देखावा त्यांच्या तिकिटांवर आणि खरेदीवर टिकून आहे.

तुम्ही काय बघाल?

चॅट्सवर्थला जाणं सगळ्यांना जमेल असं नाही. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वरचा २००५ चा चित्रपट पाहिलात, तर त्यात डार्सीचं घर म्हणून दिसतं ते हेच. पण त्याहून सोपं काम सांगतो. तुमच्या शहरात एखादी जुनी बाग असेल, संस्थानिकाचा राजवाडा असेल, तळं असेल, साहेबाच्या बंगल्याभोवतीची झाडी असेल. मुलांना घेऊन तिथे जा आणि तीन प्रश्न विचारा. ही झाडं कुणी लावली? हे पाणी इथे कसं आलं? आणि हे सगळं होण्याआधी इथे कोण राहत होतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा पाटीवर असतं. दुसऱ्याचं उत्तर एखादा जुना माळी देईल. तिसऱ्यासाठी मात्र आसपासच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलावं लागेल. ते उत्तर मिळालं, तर लिहून ठेवा. सहाव्या ड्यूकने आपल्या घराबद्दल सविस्तर लिहून ठेवलं, पॅक्स्टनने आपल्या पहिल्या सकाळबद्दल लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ते कळतं. एडेन्सरच्या जुन्या घरांतून सामान बाहेर काढणाऱ्यांबद्दल सांगायला कुरणातलं ते एकच घर उरलं आहे.